आधी वही, मग वाद

चि. मनू,


स्ट्रिंग थिअरी म्हणे मेली, मग त्यात पीएच.डी. करू की नको, असं तू विचारतेस. अगं, हे मर्तिक आजचं नाही. जॉन श्वार्झ १९७२ साली कॅलटेकला गेले, तेव्हापासून बारा वर्षं कायमच्या प्राध्यापकीशिवाय तिथे राहिले. विषय बहुतेकांनी सोडून दिला होता. १९८४ च्या उन्हाळ्यात ॲस्पेनला त्यांनी मायकेल ग्रीन यांच्यासोबत हिशेब पुरा केला: दहा मितींतल्या ॲनॉमली कटायच्या, तर गेज ग्रुपचे जनरेटर नेमके ४९६ हवेत. एसओ(३२) घे. बत्तीस गुणिले एकतीस, भागिले दोन. करून बघ. ई-८ च्या जोडीतही २४८ अधिक २४८. रातोरात सगळे परत आले! तेव्हा गर्दी बघून विषय निवडू नकोस, आणि गर्दी पांगली म्हणून सोडूही नकोस.

पण त्याआधी फील्ड थिअरी हातात मुरू दे. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय मोमेंटची पहिली दुरुस्ती श्विंगरने १९४८ साली काढली: अल्फा भागिले टू पाय, म्हणजे सुमारे ०.००११६. हे पुस्तक मिटून यायला हवं. पुढच्या पायरीला फाइनमन डायग्राम अवघे सात. तरी कार्प्लस आणि क्रोल यांचा १९५० चा सहगुणक उणे २.९७३ आला, तो चुकलेला. पीटरमन आणि सॉमरफील्ड यांनी १९५७ मध्ये वेगवेगळा हिशेब केला, तेव्हा उणे ०.३२८ निघाला. म्हणजे सात वर्षं जाणत्या मंडळींनी चुकीचा आकडा वापरला. छापून आलंय म्हणून कशावर विसंबू नकोस. गाइडच्या नोट्सवरही नाही. (त्यांना राग आला, तर गाइड बदलायचा विचार कर.)

परदेशाची घाई नको. अशोक सेन यांचं १९९४ चं एस-ड्युॲलिटीचं काम कुलाब्यात, टीआयएफआरमध्येच झालं.

सध्या एवढंच कर: श्विंगरचं गणित फाइनमन गेजमध्ये सोडव, मग गेजचा झाय तसाच ठेवून पुन्हा मांड. शेवटी झाय सगळा उडाला पाहिजे. नाही उडाला, तर पानं फाडू नकोस, दिवाळीला येताना वही घेऊन ये. बहुधा चिन्ह नाहीतर एखादा दोन कुठेतरी हरवलेला असेल.

तुझा,
मामा