हळद आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश

सातवीच्या वर्गास वनस्पतींचे उपयोग शिकविताना, हळदीने म्हाताऱ्या माणसांचा विसराळूपणा जातो काय, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारण्याचा संभव असतो. त्याच्या घरी आजोबा नातवंडांची नावे विसरू लागलेले असतात, आणि बाजारात हळदीच्या गोळ्या विकावयास असतात. शिक्षकांनी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

अल्झायमर या जर्मन वैद्यांनी १९०६ साली या रोगाचे प्रथम वर्णन केले. रोग्याच्या मेंदूत पेशींच्या बाहेर प्रथिनांचे थर साचतात व पेशींच्या आत तंतूंचा गुंता होतो. बाहेरील थरांतील मुख्य प्रथिनास अमायलॉइड म्हणतात. हळदीचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिन द्रव्यामुळे येतो, ते परीक्षानळीत अमायलॉइडच्या गुठळ्या बांधू देत नाही; उंदरांवरील प्रयोगांतही काही सुपरिणाम दिसून आला. येथवर आशा रास्तच होती.

परंतु माणसाच्या पोटात गेल्यावर काय होते? कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. (फोडणीचे तेल पिवळेजर्द होते, हे मुलांनी पाहिलेलेच असते.) आतड्यातून ते फारच थोडे रक्तात उतरते आणि उतरलेले यकृत लवकरच पालटून टाकते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३६ रुग्णांपैकी काहींना २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन दिले. इतरांना औषधविरहित गोळ्या दिल्या. लाभ आढळला नाही. हळदीत कर्क्युमिन शेकडा सुमारे ३ धरून, ४ ग्रॅमसाठी किती हळद खावी लागेल, हे उदाहरण मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे. उत्तर १३३ ग्रॅमच्या आसपास येईल, आणि वर्गात हशा पिकेल.

तथापि वनस्पती निरुपयोगी, असा ग्रह होऊ देऊ नये. युरोपातील स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातून मिळालेले गॅलँटामिन मेंदूतील अॅसिटिलकोलिन या निरोप्या द्रव्याचा नाश मंदावते. २००१ साली अमेरिकेत या रोगासाठी त्यास मान्यता मिळाली. त्याने काही रुग्णांची स्थिती काही काळ सुधारते. रोग मात्र थांबत नाही.

भाजीत हळद घालण्यास कोणाचीच हरकत नाही. मात्र विसरभोळेपणा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा थायरॉईड ग्रंथीच्या मंदपणानेही येतो, व त्यावर उपचार आहेत. म्हणून गोळ्यांवर महिने न घालविता आजोबांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, हे पालकसभेत आवर्जून सांगावे.