चढावरची सोबत

२०२४ सालापर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्वभाग बहुतांशी सपाट व कोरडा आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका मात्र सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर याच बाजूस आहे. संगमनेरहून अकोले व राजूर या गावांवरून भंडारदऱ्यास जाणारा रस्ता सुमारे ६० किलोमीटर लांबीचा आहे. प्रवरा नदी ज्या बाजूने उतरत येते, त्याच बाजूस आपणांस चढत जावयाचे असते. रोज शाळेत किंवा कचेरीत जाण्यापुरतीच सायकल चालवणारा साधा मनुष्य हा रस्ता पुरा करू शकेल काय? सराव असेल, तर अवश्य करू शकेल. परंतु सोबत्यांची मदत कोठे घ्यावी आणि स्वतःच्या बळावर कोठे विसंबावे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम सपाटीचा विचार करू. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बरीच शक्ती समोरची हवा सारण्यात खर्ची पडते. पुढे दुसरा स्वार असेल, तर मागच्याचे हे श्रम कमी होतात. म्हणून जाणते स्वार एकामागून एक अशी रांग धरतात आणि पुढचा दमला, की तो बाजूस होऊन रांगेच्या शेवटी जातो. अशा वेळी पुढच्याने खड्डा दिसताच हाताने खूण करावी. कारण मागच्याला तो दिसत नाही. नवशिक्याने दोन सायकलींत पुरेसे अंतर राखावे.

अकोले मागे पडल्यावर विठा घाट लागतो आणि सारे गणित बदलते. चढावर वेग मंदावतो, हवेचा अडथळा नाममात्र उरतो आणि स्वतःचे वजन वर नेण्याचे काम मुख्य होते. शंभर मीटर अंतरात रस्ता पाच मीटर वर चढतो असे समजा. स्वार व सायकल यांचे मिळून वजन ६० किलो असेल, तर तीन किलो वजनाइतका जोर त्याला सतत मागे खेचत असतो. हा जोर पुढचा सोबती कमी करू शकत नाही. तेव्हा चढ ज्याचा त्यानेच चढावयाचा असतो आणि तोही आपापल्या गतीने. बलवान सोबत्याची बरोबरी करू पाहणारा नवखा स्वार अर्ध्या घाटातच धापा टाकू लागतो. पायंडल मारताना एक पूर्ण वाक्य सहज बोलता आले, तर आपली गती योग्य आहे असे समजावे.

सायकलीला गिअर असल्यास चढ सुरू होण्यापूर्वीच ते बदलावेत. पुढचे दातेरी चक्र ४४ दात्यांचे व मागचे २२ दात्यांचे असेल, तर पायंडलाच्या एका फेरीत चाक दोनदा फिरते; दोन्ही चक्रे २८ दात्यांची असतील, तर एकदाच. दुसऱ्या रीतीने फेऱ्या अधिक माराव्या लागतात, पण जोर कमी लागतो. गिअर नसतील, तर खाली उतरून सायकल हाती धरून चालावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

मग चढावर सोबतीचा काय उपयोग? तो उपयोग घाटमाथ्यावर कळतो. जो प्रथम पोहोचतो, तो दहा मिनिटे विसावतो. सर्वांत शेवटचा येताच 'चला!' म्हणून सारे निघाले, तर जो सर्वांत अधिक दमला, त्यालाच विश्रांती मिळत नाही. असा थकलेला स्वार उतारावर चुकतो आणि पडतो. म्हणून शेवटच्याने पाणी प्यावे, गूळ-शेंगदाणे खावेत, त्याचा श्वास शांत व्हावा आणि मगच सर्वांनी निघावे. उतारावर दोन स्वारांतील अंतर वाढवावे, वळणापूर्वीच वेग कमी करावा आणि दोन्ही ब्रेक जपून दाबावेत. केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबल्यास स्वार डोक्यावरून फेकला जाण्याचा संभव असतो.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. ते एका व्यायाम मंडळाचे सभासद होते. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. एवढ्या दीर्घ प्रवासात प्रत्येकाला आपली सायकल आपणच चालवावी लागली. तरीही प्रदक्षिणा तिघांनी मिळून पुरी केली.

राजूरनंतर रंधा धबधबा मागे टाकून आपण भंडारदऱ्यास येतो. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण समोर दिसते. तेथे पोहोचल्यावर 'किती वेळात आलात?' असे कोणीही विचारील. परंतु तुकडीतील प्रत्येकाने त्याआधी मागे वळून पाहावे आणि 'सारे आले ना?' असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आले, म्हणजेच सफर पुरी झाली.

स्वाध्याय

१. सपाटीवर सोबत्याची मदत कशी होते? चढावर ती तशी का होत नाही?
२. शेवटचा स्वार पोहोचताच लगेच का निघू नये?
३. 'ज्याचा चढ त्यानेच चढावा' हे वाक्य अभ्यासास कसे लागू पडेल, ते पाच-सहा ओळींत लिहा.