बर्फाच्या नदीची साक्ष

निफाडकडे कडाक्याच्या थंडींत पहाटे दंव गोठून द्राक्षवेलींवर पांढरा थर बसतो, आणि वळवाच्या पावसांत कधीं गारांचा खच पडतो. पण ऊन चढलें कीं सर्व विरून जातें. म्हणून आपल्या महाराष्ट्रांत एके काळीं बर्फाच्या नद्या वाहत होत्या, असें कोणी सांगितलें तर आपण त्यास हंसूं. तरी ती गोष्ट खरी आहे, व तिची साक्ष दगडावर कोरलेली आहे. ती कशी वाचावी हें आज पाहूं.

१. हिमनदी कशी होते. हिमालयासारख्या उंच प्रदेशांत हिवाळ्याचें हिम उन्हाळ्यांत पुरतें वितळत नाहीं. त्यावर पुढच्या वर्षाचें हिम पडतें, त्यावर तिसऱ्या वर्षाचें. वरच्या भारानें खालचें भुसभुशीत हिम दाबलें जातें, त्यांतील हवा निघून जाते, व पुष्कळ वर्षांनीं त्याचें कठीण, निळसर बर्फ होतें. हा थर फार जाड झाला म्हणजे स्वतःच्याच भारानें उताराकडे सरकूं लागतो. हीच हिमनदी. जिच्या मुखांतून भागीरथी निघते, ती गंगोत्री हिमनदी सुमारें ३० किलोमीटर लांब आहे.

२. ती कशी चालते. डोळ्यांस ती स्थिर दिसते. परंतु १८४० नंतर आल्प्स पर्वतांत लुई आगासी इत्यादि विद्वानांनीं हिमनदीवर आडव्या सरळ रांगेंत खुंट्या रोविल्या. पुढें पाहतात तों रांग धनुष्यासारखी वांकलेली! मधल्या खुंट्या कांठाच्या खुंट्यांपेक्षां पुढें गेल्या होत्या. गोदावरीच्या पुरांतही मध्यें ओढ अधिक व कांठाशीं कमी असते, तसेंच हें.

३. ती भूमि कशी घडविते. नुसतें बर्फ खडकापुढें मऊच. पण त्याच्या तळाशीं रुतलेले दगड लोहाराच्या कानशीप्रमाणें खालचा खडक घांसतात. खडक गुळगुळीत होतो, व त्यावर चालीच्या दिशेनें लांब रेघा उठतात. डोंगरांत नदीनें कापलेली दरी तळाशीं अरुंद असते. हिमनदीची दरी गुरांच्या डोणीसारखी रुंद असते. आणखी एक खूण आहे. पाणी आपलें ओझें निवडून टाकतें: मोठे गोटे आधीं, रेती पुढें, गाळ शेवटीं. बर्फ निवड करीत नाहीं; तें वितळतें तेथें धोंडा, खडा व माती एकाच ढिगांत पडतात.

ऑक्सफर्ड येथील पाळक व भूगर्भशास्त्री विल्यम बकलंड यांनीं १८२३ सालीं ग्रंथ लिहून असे गोट्यामातीचे थर जलप्रलयानें टाकले असें प्रतिपादिलें होतें. १८४० सालीं आगासीबरोबर स्कॉटलंडांत हिंडून त्यांनीं या खुणा स्वतः पाहिल्या, आणि आपलें मत उघडपणें बदललें. तरी ते पाळकच राहिले. खरी साक्ष मान्य करण्यानें कोणाचा विश्वास बुडत नाहीं.

४. आपल्या प्रांतांतील साक्ष. चंद्रपूर (जुना चांदा) जिल्ह्यांत पैनगंगेच्या कांठीं इरई गांवाजवळ चुनखडीचा खडक असाच घांसलेला व रेघा पडलेला आहे, आणि त्यावर न निवडलेल्या धोंड्यामातीचा थर आहे. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे फेडन यांनीं १८७५ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. हें बर्फ सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वींचें. तेव्हां आपली भूमि आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांस जोडलेली असून दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती. त्या प्राचीन भूखंडास गोंड लोकांच्या प्रदेशावरूनच नांव मिळालें. नाशिकच्या डोंगरांत या खुणा शोधूं नयेत. आपला काळा दगड सुमारें ६॥ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा, म्हणजे पुष्कळ अलीकडचा. पण पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीस मिळते. म्हणजे त्या दगडाजवळून वाहणारें पाणी अखेर आपल्याच नदींत येतें.

आज हवा तापत चालल्यानें हिमालयांतील बहुतेक हिमनद्या मागें हटत आहेत. त्यांनीं मागें टाकलेले ढीगच तें सांगतात. उन्हाळ्यांत त्यांच्या पाण्यावर असंख्य शेतकऱ्यांचा आधार आहे. म्हणून जुनी साक्ष वाचावयास जो शिकला, त्यानें नवीकडे डोळेझांक करूं नये.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न: (१) खुंट्यांची रांग कां वांकली? (२) नदीनें टाकलेला थर व बर्फानें टाकलेला थर यांत भेद कोणता? (३) बकलंड यांनीं मत कां बदललें?