वळ कोणाच्या पाठीवर?

श्रीगुरुचरणी दंडवत घालून आज एका प्रश्नाचे उत्तर भाविक वाचकांपुढे ठेवतो.

प्रश्न असा. आमच्या खोडदजवळच्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताहाची तयारी चालली आहे. तिथली चार तरुण पोरे परवा घरी आली. पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, यंदा काल्याच्या दिवशी ग्रंथाची मिरवणूक हत्तीवरून काढायची आहे. हत्ती भाड्याने मिळतो म्हणतात. संध्याकाळी मैदानात त्याचे दोन खेळ होतील, सोंडेने पाहुण्यांना हार घालील, पोरंबाळं खूष होतील. तुम्ही कीर्तनात तेवढं वर्गणीचं सांगा." पोरे चांगली आहेत, माळकरी आहेत. मी म्हणालो, "बाळांनो, मला दोन दिवस द्या. नुसते नको म्हणून चालणार नाही. का नको, तेही सांगता आले पाहिजे." ते उत्तर इथे लिहितो, कारण हा प्रश्न एका गावापुरता नाही.

उत्तराचा आरंभ आपल्या जुन्नर तालुक्यातूनच करू. आळे गाव आपल्याला परके नाही. तिथे ज्ञानोबारायांनी ज्याच्या मुखाने वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे. आपण तिथे नारळ फोडतो, माथा टेकतो. जनावराच्या समाधीपुढे माणसाने माथा टेकावा, ही आपल्या संप्रदायाची केवढी शिकवण आहे!

पैठणची कथा सगळ्यांना पाठ आहे. सर्व भूतांत एकच आत्मा आहे असे माउली म्हणाले, तेव्हा कोणी तरी पखालीचा रेडा दाखवून म्हणाले, "याचेही नाव ज्ञाना. तुझ्यात आणि याच्यात भेद नाही काय?" आणि रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला. वळ उमटले ते माउलींच्या पाठीवर. पुढे रेडा वेद बोलला. आम्ही कीर्तनकार वेदापाशी आवाज चढवतो, टाळकरी टाळ वाजवतात, मंडळी गजर करतात. वळाची गोष्ट मात्र एका वाक्यात उरकतो. आता या वयात मला वाटते, आपण उलटे करीत होतो. रेडा वेद बोलला हा चमत्कार. तो पुन्हा घडणार नाही. वळ उठला हा सिद्धांत. तो रोज घडतो. मुक्या जीवावर पडलेला प्रत्येक फटका कोणाच्या तरी पाठीवर उमटत असतो. तो दिसण्यापुरती आपली दृष्टी पाहिजे.

आता हत्तीकडे येऊ. पाठशाळेत आम्ही अमरकोश घोकला. त्यात हत्तीला दंती, द्विरद, वारण, करी, मतंगज अशी किती तरी नावे आहेत. पण त्याच वर्गात पुढे त्याला बांधायचा खांब आलान, पायातली बेडी निगड, टोचायचा अंकुश, असेही शब्द पाठ करावे लागतात. गाईच्या नावांपाशी वासरू येते, दूध येते. हत्तीच्या नावांपाशी साखळी येते. त्या वयात अर्थ कळत नव्हता. आता कळतो. बैल, गाय, कुत्रा हे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या दारात जन्मले, दारातच वाढले. हत्तीचे तसे नाही. राजांच्या गजशाळेत जे हत्ती डुलले ते बहुतेक रानातून धरून आणलेले. म्हणूनच कौटिल्याने अर्थशास्त्रात हत्ती कधी धरावा, कोणता धरावा याचे नियम घातले. लहान पिल्लू, आजारी हत्ती, गाभण हत्तीण आणि पिल्लाला पाजणारी हत्तीण यांना धरू नये असे तो सांगतो. कठोर राजनीती लिहिणाऱ्यालाही इथे थांबावेसे वाटले!

हत्तीला वश कसे करतात, हे जाणून घ्या. रानातला कळप एखाद्या जाणत्या हत्तिणीच्या मागे चालतो. पिल्लू जवळजवळ बावीस महिने आईच्या पोटात असते आणि पुढे कित्येक वर्षे तिच्या पायांत घोटाळते. असे पोर कळपातून तोडायचे, लाकडाच्या खोड्यात चारी पायांनी जखडायचे, उपाशी ठेवायचे, मारायचे, टोचायचे. त्याचे मन मोडेपर्यंत हे चालते. मन मोडले की म्हणायचे, हत्ती माणसाळला. पुढे तो सोंड उचलून नमस्कार करतो, स्टुलावर बसतो, चेंडू मारतो. आपण टाळ्या वाजवतो. तो नमस्कार आपल्याला केलेला नसतो. तो अंकुशाला केलेला असतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून माझी मला लाज वाटली. बांधलेला हत्ती जागच्या जागी डुलतो, मान हलवतो, एक पाय पुढे मागे करतो. आपण म्हणतो, पाहा, हत्तीसुद्धा भजनात रंगला! हत्तींचा अभ्यास करणारे सांगतात की रानातला मोकळा हत्ती असा डुलत नाही. एकटेपणाने आणि बंधनाने मन पिडले म्हणजे तो असा डुलतो. ज्याला आपण रंगणे समजलो ते त्याचे दुःख होते.

आमच्या खोडदच्या माळावर पंचेचाळीस मीटर व्यासाच्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या आहेत. खोडद आणि आसपासचा परिसर मिळून त्या तीस आहेत. लांबलांबच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या, डोळ्याला न दिसणाऱ्या लहरी त्या टिपतात. आता हत्ती पाहा. तो इतक्या खालच्या स्वरात बोलतो की माणसाच्या कानाला ते ऐकूच येत नाही, पण काही कोसांवरचा दुसरा हत्ती ते ऐकतो. म्हणजे मांडवाबाहेर बांधलेला हत्ती गप्प आहे असे आपण समजतो, तेव्हा तो आपल्या माणसांना हाका मारीत नसेल कशावरून? आकाशाचे सूक्ष्म टिपायची सोय आपल्या गावात झाली. दारातल्या जीवाचे टिपायला करुणेचा कान लागतो.

कोणी म्हणेल, हे तर पूर्वीपासून चालत आले आहे. खरे आहे. आपल्याच नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखात यज्ञाच्या दक्षिणेत गाई-घोड्यांबरोबर हत्तीचाही उल्लेख आहे. शिवनेरीला हत्ती दरवाजा आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये माजावर आणलेला हत्ती माणसांच्या मागे पळवण्याचा खेळ सविस्तर सांगितला आहे. पुढे तोच प्रकार साठमारी म्हणून बडोद्याला गायकवाडांच्या पदरी आणि कोल्हापूरला चालला. बडोद्याच्या आगडात भिंतीला अरुंद दारे असत. साठमार हत्तीला डिवचून त्या दारांतून निसटत. कोल्हापुरात साठमारी हे ठिकाणाचे नाव आजही आहे. राजर्षी शाहू महाराजांची थोरवी मोठी, ती या खेळामुळे कमी होत नाही. पण थोरांच्या काळात चालले म्हणून ते आज चालवावे, असेही होत नाही. जुने ते सगळेच वंद्य धरले तर हत्तीच्या पायी देणे हेही जुनेच आहे. १८०१ साली पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायाला बांधून मारले. तो पाप करणारा हत्ती होता काय?

याच प्रश्नाचे उत्तर भागवताच्या दशम स्कंधात आहे. कंसाने मथुरेत मल्लांचा आखाडा मांडला आणि दारात कुवलयापीड हत्ती उभा केला. माहुताने त्याला टोचून देवाच्या अंगावर घातला. हत्तीचे कृष्णाशी काय वैर होते? वैर कंसाचे, अंकुश माहुताचा, जीव गेला हत्तीचा. खेळाच्या मैदानात हत्ती आणायची बुद्धी भागवतात कोणाला झाली, ते ध्यानात ठेवा.

आणि अष्टम स्कंधातला गजेंद्र? त्याचा पाय नक्राने धरला. त्याने सोंडेत कमळ घेऊन धावा केला आणि देव गरुडावरून धावला. हे आख्यान मी आयुष्यभर लावले. आता स्वतःचे सांगतो. तीस-एक वर्षांपूर्वी एका सप्ताहात मला ग्रंथासह हत्तीवर बसवले. गाव खाली, मी वर. अभिमान वाटला, खोटे कशाला सांगू? उन्हाची वेळ, डांबरी सडक. हत्तीचे तळवे मऊ असतात, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हते. दुपारी आंब्याखाली माहुताने झूल उतरवली. दोर घासून पाठीवर सोलले होते, कानामागे अंकुशाच्या खुणा होत्या. माहूत गरीब माणूस. तो मुकाट्याने हळद-तेल लावीत होता. त्याच रात्री मी गजेंद्रमोक्षाचे आख्यान लावले. आयाबाया रडल्या. मांडवाबाहेर साखळी वाजत होती. कोणी काही बोलले नाही. बोलायचा अधिकार माझा होता आणि मीही बोललो नाही. आख्यानात नक्र कोण ते मला पाठ होते. मांडवात नक्र कोण ते मी ओळखले नाही.

आता काळ काय म्हणतो तेही पाहा. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली; मराठी माणसाचे ते धाडस मोठे होते. पण पुढे लोकांना मुक्या जनावरांचे हाल दिसू लागले. १९९८ साली सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हत्ती त्या यादीत राहून गेला होता. त्याच्यासाठी २०१३ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सर्कशीची दारे बंद केली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत आहे आणि २०१० पासून तो राष्ट्रीय वारसा प्राणी आहे. जोतिबाला अर्पण केलेला सुंदर हत्ती २०१४ साली न्यायालयाच्या आदेशाने बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठातील महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण जामनगरला नेली, तेव्हा सारा कोल्हापूर जिल्हा हळहळला. माणसाने धार्मिक कार्यासाठी हत्ती वापरण्याच्या हक्कापेक्षा हत्तीचा नीट जगण्याचा हक्क मोठा, असे उच्च न्यायालयाने म्हटले होते. नांदणीकरांचे अश्रू खोटे होते असे मी कधी म्हणणार नाही. आईसारखी माया लावली होती त्यांनी. पण मायेलाही विचारावे लागते की लेकराला काय हवे आहे.

आता शंका. "महाराज, गणपतीचे मुख हत्तीचे, मग हत्ती आणणे ही पूजाच की!" अरे, ज्याचे मुख देवाने धारण केले, त्याच्याच मस्तकात लोखंड टोचणे ही पूजा कशी?

"रिंगणात अश्व धावतो ना?" धावतो. मोकळ्या मैदानात, थोडी फेरी, आणि त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. तरी नियम तोच. अश्व थकला, लंगडला, तहानलेला दिसला, तर आधी पाणी, मग रिंगण. पूर्वी पालखीच्या लवाजम्यात हत्तीही असे, असे जुने लोक सांगत. आज हत्ती नाही. वारीचे काय उणे झाले?

"आणि बैलगाडा?" हा प्रश्न जुन्नर-आंबेगावात टाळून चालायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. कायद्याने घाट मोकळा केला. काठी, चाबूक आणि विजेचा झटका मोकळा केलेला नाही. बैल आपल्या घरचा आहे, पोळ्याला आपण त्याच्या पाया पडतो. घाटात कोणी बघत नाही असे समजून जो त्याला टोचतो, त्याने आळ्याला जाऊन समाधीपुढे उभे राहावे आणि विचारावे, वळ कोणाच्या पाठीवर उठला?

असो. तात्पर्य थोडक्यात सांगतो. हत्तीचा खेळ बघायला जाऊ नये. पैसे देऊन त्याच्या सोंडेचा आशीर्वाद घेऊ नये; आपला रुपया तोच त्याची साखळी. मिरवणुकीसाठी तो भाड्याने आणू नये. हौसच असेल तर बांबू-कापडाचा करा. केरळात त्रिशूरजवळच्या एका कृष्णमंदिराने २०२३ साली यंत्राचा हत्ती उभा केला आणि देवाचा उत्सव झाला. माहुताचा संसार हत्तीवर चालतो, त्याची निंदा करू नये. त्याला दुसरे काम मिळावे हेही आपण बघावे. नाथांनी कावडीतले गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजले, तेव्हा त्यांचे रामेश्वर तिथेच झाले. तुमची हत्तीची वर्गणी उन्हाळ्यात गावाच्या वेशीवर जनावरांसाठी पाण्याच्या हौदाला लावा. ग्रंथ डोक्यावर घ्या. वारकऱ्याच्या डोक्याहून उंच अंबारी नाही.

त्या पोरांना मी हेच सांगणार आहे. ऐकतील असे वाटते. नाही ऐकले तरी माझे ठरले आहे: ज्या मिरवणुकीत साखळीचा हत्ती, तिथे काल्याचे कीर्तन मी करणार नाही. बिदागी गेली तर जावो. तीस वर्षांपूर्वीचे एक देणे माझ्याकडे बाकी आहे.

राम कृष्ण हरि.