बाळ दिवसा झोपत नाही, तेव्हा काय करावे?



गेल्या महिन्यात विहारातील महिला मंडळाची बैठक संपली, तेव्हा एक ताई मागेच थांबल्या. कडेवर पाच महिन्यांचा मुलगा. ताई सकाळी दहा ते दोन चार घरची धुणीभांडी करतात आणि तेवढा वेळ बाळ सासूबाईंकडे असते. त्या म्हणाल्या, "दिवसा झोपतच नाही हो हा. खांद्यावर झोपतो, खाली ठेवला की टक्क डोळे उघडतो. दोन वाजता मी घरी येते, तर आजी-नातू दोघंही रडकुंडीला आलेले असतात."

तिथल्या तिथे तीन सल्ले मिळाले. एकीने सांगितले, नजर लागली आहे, मीठ-मोहऱ्या उतरून टाक. दुसरीने सांगितले, दुधात जायफळ उगाळून दे. तिसरीने सांगितले, थोरल्याचे खोकल्याचे औषध उरले असेल ना, त्यातले अर्धा चमचा दे, दोन तास हलायचे नाही. सल्ले देणाऱ्या बायांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांनीही आपली लेकरे अशीच कामाच्या धबडग्यात वाढवली आहेत. पण तिसरा सल्ला ऐकून आमच्या पोटात गोळा आला, म्हणून या अंकातील आरोग्याचे पान याच विषयावर लिहीत आहोत.

गुंगी म्हणजे झोप नव्हे

सर्दी-खोकल्याच्या अनेक औषधांत गुंगी आणणारे घटक असतात. मोठ्या मुलाला जो डोस सोसतो, त्याने तान्ह्या बाळाचा श्वास मंदावू शकतो. बाळ शांत पडलेले दिसते आणि घरच्यांना वाटते, छान झोपले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सूचना काढली की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. झोपेसाठी तर कोणत्याही वयात नाहीच.

जायफळाचेही तसेच. सहाणेवर दोन वेढे उगाळले की चार, हे मोजायचे कसे? जायफळ जास्त झाले तर गुंगी, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होतो. तान्ह्या बाळाला किती चालते, याचे सुरक्षित माप नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. गुटी, ग्राइप वॉटर, मध, साखरपाणी, चहात बुडवलेले बिस्कीट यांपैकी काही नको. मध तर वर्षाच्या आत कधीच चाटवू नये, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि मीठ-मोहऱ्या उतरल्याने बाळाला अपाय होत नाही, पण त्यात खरे कारण शोधायचे राहून जाते.

बाळाला गुंगी देण्याची ही रीत जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला अफू घातलेली बालगोळी देऊन कामावर जात. त्या निर्दय नव्हत्या. बाळाजवळ थांबायला रजा नव्हती आणि पगार बुडवणे परवडत नव्हते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना मांडले की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाळाच्या झोपेचा प्रश्न आईच्या विश्रांतीशी बांधलेला आहे, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

बाळाला किती झोप लागते?

दिवस-रात्र मिळून पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास आणि एक ते दोन वर्षांत ११ ते १४ तास. यात दिवसाची झोप धरलेली आहे. चार-पाच महिन्यांचे बाळ दिवसा साधारण तीन-चार वेळा झोपते, आठ-नऊ महिन्यांचे दोन वेळा आणि दीड वर्षाच्या आसपासचे मूल एकदाच. सगळी बाळे सारखी नसतात. तासाभराच्या फरकाने घाबरू नये.

त्याहून उपयोगाचा हिशेब जागेपणाचा आहे. बाळ एका दमात किती वेळ जागे राहू शकते, हे वयाप्रमाणे अंदाजे असे:

- पहिल्या एक-दोन महिन्यांत: तासभर
- तीन-चार महिन्यांत: दीड ते दोन तास
- पाच-सहा महिन्यांत: दोन ते अडीच तास
- नऊ ते बारा महिन्यांत: तीन ते चार तास

आपण मोठी माणसे जास्त दमलो की लवकर झोपतो. बाळाचे उलटे असते. ते वेळेबाहेर जागे राहिले की त्याचे शरीर त्याला जागे ठेवणारी रसायने सोडते. मग बाळ ताठ होते, पाठ मागे टाकते, रडते, झोपेशी भांडते. घरचे म्हणतात, "याला झोपच नाही." खरे तर त्याची झोप येऊन निघून गेलेली असते.

खुणा ओळखा

झोप येऊ लागली की बाळ खेळण्यावरून नजर काढते, एकटक कुठेतरी बघते, हालचाल मंदावते, जांभई देते, डोळे चोळते, कान ओढते. या वेळी त्याला झोपवावे. रडणे ही उशिराची खूण आहे. त्या वेळेपर्यंत थांबलो तर गाडी सुटली म्हणून समजा. दुसरीकडे, बाळ तासाभरापूर्वीच झोपून उठले असेल आणि हसत-खेळत असेल, तर घरातले आवरून व्हावे म्हणून त्याला थोपटत बसण्यात अर्थ नाही. त्याला अजून झोप आलेली नाही.

झोपवायचे कसे?

रोज तीच कामे त्याच क्रमाने करा. लंगोट बदला, दूध पाजा, ढेकर काढा, उजेड कमी करा, अंगाईचे एक-दोन चरण म्हणा. दहा मिनिटे पुरतात. क्रम तोच राहिला की काही दिवसांत बाळाला कळते, आता झोपायचे. आई म्हणो, आजी म्हणो, क्रम एकच ठेवा.

खांद्यावरून खाली ठेवताच बाळ का उठते? तान्ह्या बाळाची झोप सुरुवातीला हलकी असते. पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ हलतात, श्वास कमीजास्त होतो. पंधरा-वीस मिनिटांनी अंग सैल पडते. हात उचलून सोडला तर तो लुळा खाली येतो. मग ठेवावे. आधी पाय टेकवा, मग पाठ, शेवटी डोके. हात लगेच काढू नका, छातीवर क्षणभर ठेवा. दिवसातून एखाद्या वेळी बाळ पेंगुळलेले पण जागे असतानाच खाली ठेवून थोपटून पाहा. जमले तर उत्तम, नाही जमले तर उचला. हट्टाने रडवत ठेवण्याची गरज नाही.

बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण ४०-५० मिनिटांचा असतो. अर्ध्या-पाऊण तासाने ते चाळवते. लगेच उचलू नका. मिनिटभर थांबा, हलके थोपटा. कधी कधी ते पुन्हा झोपते.

आपल्या घरात, आपल्या वस्तीत

पुस्तकात वेगळी शांत खोली सांगितलेली असते. आपल्याकडे एका खोलीत पाच माणसे, वर पत्रा, बाहेर नळावर भांडण. तरी पुढच्या गोष्टी जमतात.

पत्र्याच्या घरात दुपारी उकाडा हेच बाळ न झोपण्याचे मोठे कारण असते. उन्हाळ्याआधी पत्र्यावर चुना मारून घ्या, दुपारी वर ओले गोणपाट टाका, दार-खिडकीला ओला पडदा लावून हवा आरपार खेळू द्या. बाळाला सुती, सैल, एकच कपडा पुरे. मानेला मागून हात लावून पाहा, घाम असेल तर बाळाला उकडते आहे. सहा महिन्यांखालील बाळाला पाणी देऊ नका, दूध जास्त वेळा पाजा.

आवाज पूर्ण बंद होणार नाही. पंख्याची एकसारखी घरघर बाळाला त्रास देत नाही, अचानक पडलेले भांडे उठवते. मोबाइल मात्र बाळासमोर नको.

झोळीबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अडू शकते, दोर किंवा साडी गळ्याभोवती येऊ शकते. झोळीत झोपवलेच, तर कोणीतरी जवळ बसून असावे, चेहरा उघडा दिसावा आणि झोप लागली की बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर काढून घ्यावे. बाळ पालथे पडू लागले की झोळी बंदच करावी. बाळाला नेहमी पाठीवर झोपवा. मोहरीची उशी, मऊ गादी, सैल गोधडी, तोंडावर पदर नको. खालीच झोपवावे आणि मच्छरदाणी लावावी. दारू प्यायलेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये, हे घरातल्या पुरुषांना स्पष्ट सांगा.

हे काम एकट्या आईचे नाही

बाप घरी असतो त्या दिवशी एक झोप त्याची. बाळाला खांद्यावर घेऊन फिरवायला पुरुषाचा खांदा उलट रुंद असतो. थोरल्या मुलीला बाळ सांभाळायला शाळेतून घरी ठेवू नका. आई कामावर जाताना स्वच्छ वाटीत काढलेले दूध झाकून ठेवू शकते, ते वाटी-चमच्याने पाजावे आणि उन्हाळ्यात फार वेळ बाहेर ठेवू नये. भुकेले बाळ झोपत नाही. आणि बाळ झोपले की आईनेही थोडे आडवे व्हावे, भांडी नंतर घासली तरी चालतात.

रडणे सोसवेनासे झाले, राग आला, तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवा, बाहेर जाऊन दहा श्वास घ्या, शेजारणीला हाक मारा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आईलाच झोप लागत नसेल, सारखे रडू येत असेल, तर तो तिचा दोष नाही. आशाताईंना सांगा किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोला, फोन मोफत आहे.

डॉक्टरांकडे कधी?

बाळ दूध ओढत नाही, उठवले तरी नीट जागे होत नाही, श्वास जोरात चालतो किंवा छाती आत ओढली जाते, टाळू फुगली किंवा खोल गेली, तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, झोपेत श्वास थांबतो, काही केल्या रडणे थांबत नाही, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

आणखी एक. विदर्भातील आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण जास्त आढळते. त्याचा त्रास सहसा पाच-सहा महिन्यांनंतर दिसू लागतो. बाळ फिकट दिसते, हात-पायांच्या पंजांना सूज येते, उचलले की वेदनेने ओरडते. असे असेल तर "झोपत नाही, चिडचिडे आहे" म्हणून सोडून देऊ नका. सरकारी रुग्णालयात सिकलसेलची तपासणी मोफत होते.

त्या ताईंचे काय झाले?

आम्ही त्यांना एवढेच सांगितले, आठ दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, बाळ कधी उठले, कधी झोपले. चित्र लगेच स्पष्ट झाले. नळाला पाणी येते म्हणून घर साडेसहाला जागे होई. बाळ आठला खांद्यावर पाऊण तास झोपे. मग घरातले आवरून, जेवून, बारा वाजता आजी त्याला झोळीत घाली. म्हणजे ते सव्वातीन तास जागे असे. पाच महिन्यांच्या बाळाला हे फार झाले.

आता आजी साडेदहालाच दाराला ओला पडदा लावतात आणि त्याला खाली अंथरुणावर थोपटतात. पहिले तीन दिवस तो रडला. चौथ्या दिवशी चाळीस मिनिटे झोपला. ताई दोनला घरी येतात, तेव्हा त्याची तिसरी झोप चालू असते. दुपारनंतरची शेवटची झोप अजूनही त्याला खांद्यावरच लागते, आणि ती बापाच्या वाट्याला आली आहे. खोकल्याची ती अर्धी बाटली मात्र ताईंनी त्याच दिवशी फेकून दिली.

ज्यांना वाचता येत नाही अशा आजींसाठी हे पान विहारातील पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचावे, ही विनंती. आणि तुमच्या घरी औषधाची उरलेली बाटली असेल, तर ती आजच बाजूला काढा.

जय भीम.