दहशतवाद आणि डब्यातला शेजारी

दहशतवाद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सीमा आणि परका शत्रू उभा राहतो. परंतु आपल्याच देशातील माणसांनी आपल्याच लोकांवर केलेला घाला हाही दहशतवादच होय. युद्धात शत्रू समोर असतो. येथे मरणारा माणूस मारणाऱ्याच्या ओळखीचाही नसतो. थोड्यांना मारून लाखोंना भिववणे हाच त्यामागचा हेतू असतो.

आपल्या भागापुरता विचार केला तर या इतिहासाची सुरुवात मुंबईपासून करावी लागते. 6 डिसेंबर 1992 रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर मुंबईत झालेल्या दंगलींत 900 माणसे मृत्युमुखी पडली, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. त्यापाठोपाठ 12 मार्च 1993 च्या साखळी बॉम्बस्फोटांत 257 जण ठार झाले. त्यासाठीची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. कटाचे सूत्रधार परदेशी निसटले; पण खटल्यात दोषी ठरलेल्यांत इथलीच माणसे पुष्कळ होती.

या घटनेला दहा वर्षे पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी, 13 मार्च 2003 रोजी रात्री, कर्जत लोकल मुलुंड स्थानकात येत असता महिलांच्या डब्याजवळ स्फोट झाला. किमान 10 प्रवासी मरण पावले. पुढचे स्थानक ठाणे. म्हणजे ही गाडी ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या घरी परतणाऱ्या नोकरदारांची होती. या व अन्य दोन स्फोटांच्या खटल्यात पोटा न्यायालयाने 2016 मध्ये 10 जणांना दोषी ठरवले. बंदी घातलेल्या सिमी या संघटनेशी त्यांचा संबंध असल्याचे सरकार पक्षाचे म्हणणे होते.

दुसरी घटना खुद्द ठाण्याची. 4 जून 2008 रोजी तलावपाळीजवळच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळावर बॉम्ब फुटला व 7 जण जखमी झाले. एका नाटकात देवदेवतांची विटंबना होते, या रागातून हे कृत्य झाले होते. त्या खटल्यात 2011 मध्ये 6 आरोपींपैकी दोघांना शिक्षा झाली आणि चौघे सुटले. आरोपी कडव्या हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित होते.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. बॉम्ब ठेवणाऱ्यांचे धर्म वेगळे; परंतु कुणा अनोळखी माणसाच्या जिवावर आपला राग काढण्याची वृत्ती मात्र एकच.

मृतांचे आकडे छापले जातात. पण ज्या घरी डबा घेऊन गेलेले माणूस परतले नाही, त्या घराचे नुकसान आकड्यांत मावत नाही. त्यातून न्यायालाही फार उशीर होतो. 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेवर झालेल्या सात स्फोटांच्या खटल्यात 2015 मध्ये 12 जणांना शिक्षा झाली. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या नातेवाइकांना 'हे कुणी केले?' याचे उत्तर मिळालेले नाही, आणि आरोपींच्या घरच्यांची तितकीच वर्षे तुरुंगाच्या दारात गेली.

एक अनुभव येथे सांगणे मला आवश्यक वाटते. गेल्या पावसाळ्यात कॉलेजला येताना दिवा स्थानक सुटल्यावर कुणीतरी विचारले, "वर ठेवलेली पिशवी कुणाची?" कुणीच बोलेना. सगळ्यांच्या नजरा एका दाढीवाल्या तरुणाकडे गेल्या. माझीही गेली. तो मान खाली घालून बसला. इतक्यात दाराशी वाऱ्याला उभे असलेले एक काका ओरडले, "अरे, माझी आहे ती!" पिशवीत डबा आणि छत्री होती. लोक हसले. तो तरुण मात्र हसला नाही, आणि ठाणे येईपर्यंत मला त्याच्याकडे पाहवले नाही.

लोकलमध्ये आपण अनोळखी माणसाच्या खांद्यावर डुलकी घेतो, त्याच्या हाती आपली पिशवी देतो. बॉम्ब माणसांबरोबर हा विश्वासही मारतो. बेवारस वस्तू दिसली तर पोलिसांना जरूर कळवावे; ते आपले कर्तव्यच आहे. परंतु पिशवीची चौकशी करणे निराळे आणि चेहऱ्यावरून माणसाला आरोपी ठरवणे निराळे. हा फरक आपण विसरलो, तर बॉम्ब ठेवणाऱ्याचे उरलेले काम आपणच पुरे करू.