पाण्याची बाटली आणि उसाचा उतारा

आपल्या बीडकडच्या फडात तोडीनंतर पाचटाबरोबर पाण्याच्या रिकाम्या बाटल्याही राहतात. त्यांचं प्लास्टिक म्हणजे पीईटी. टेरिकॉट कापडातला पॉलिएस्टर धागा याचाच.

तोडलेला ऊस गाळपाविना पडला की साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतं, उतारा घटतो, हे आपण जाणताच. पीईटीच्या रेणूंची साखळीही अशीच पाण्यानं फुटते. ओलसर चुरा २६० अंशांवर वितळवला की माल ठिसूळ झालाच समजा. म्हणून चुरा आधी खडखडीत वाळवतात. आखूड झालेल्या साखळ्या निर्वातात, न वितळवता, २१० अंशांच्या आसपास काही तास ठेवल्या की पुन्हा लांबतात.

मुद्दाम फोडायचं तर ग्लायकॉल घालून तापवतात. त्यातून पुन्हा नवं पीईटी होतं. हे ग्लायकॉल मळीच्या अल्कोहोलपासूनही बनतं, उत्तराखंडात काशीपूरला बनवतात. २०१६ साली जपानात पीईटी खाणारा जिवाणूही जाहीर झाला. पण पातळ पापुद्रा संपवायला त्याला सहा आठवडे लागले, तेव्हा त्याच्या भरवशावर बाटली बांधावर टाकू नका!

टोपण निराळ्या प्लास्टिकचं, ते पाण्यावर तरंगतं, पीईटी बुडतं. फवारणीच्या औषधाची बाटली यात मिसळू नका. पाचट सरीत कुजवा, बाटल्या पोत्यात भरून भंगारवाल्याला द्या. पेटवू मात्र नका.